ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्पॉटिफाय, व्हीएलसी, व्हॉट्सॲप टाकायचं का? नीट समजून घ्या

नवी नोकरी लागली, टेबल मिळालं आणि समोर कॉम्प्युटर आला की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. "दादा, यावर स्पॉटिफाय टाकू का?" स्पॉटिफाय नसेल तर व्हीएलसी, व्हीएलसी नसेल तर व्हॉट्सॲप. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "नको, काम कर." शेजारच्याला विचारलं तर तो म्हणतो, "टाक की, कोण बघतंय?" दोघंही कारण सांगत नाहीत, म्हणून हा लेख.

मी बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, सीएची ऑफिसं, दवाखाने, ट्रान्सपोर्टवाले, एमआयडीसीतली लहान युनिट्स. बारामती एमआयडीसीत पियाजिओ आहे, भारत फोर्ज आहे, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोसाठी रॉकेटचे भाग बनवणारी वालचंदनगर इंडस्ट्रीज आहे. एवढ्या आकाराच्या कंपन्यांत सहसा वेगळा आयटी विभाग असतो. तिथे काय टाकायचं हे तो विभाग ठरवतो, तुम्हाला इन्स्टॉलचा अधिकारच नसतो, विषय संपला. खरा घोळ असतो तो चार-पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात. तिथे एकच लॉगिन, तेही ॲडमिनचं, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, आणि सकाळच्या पाळीचा पोरगा, संध्याकाळचा पोरगा आणि मालकाचा भाचा असे तिघं एकाच मशीनवर. तुमच्यापैकी बहुतेकांची पहिली नोकरी अशाच ठिकाणी असणार आहे.

फोनची सवय पीसीवर का चालत नाही?

आपण सगळे फोनवर वाढलो. फोनवर ॲप टाकायचं, दोन-तीन वेळा 'अलाऊ' दाबायचं, वापरायचं, कंटाळा आला की काढून टाकायचं. यात फारसं बिघडत नाही, कारण अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली देतं. गाण्याच्या ॲपला तुमच्या बँकेच्या ॲपमधलं काही दिसत नाही. कॅमेरा हवा, माइक हवा, फोटो हवेत, तर त्याला दार वाजवून विचारावं लागतं.

विंडोजवर असं नसतं. तिथे नेटवरून उतरवलेली नेहमीची ईएक्सई फाइल चालवली की तो प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतो. तुमच्या लॉगिनला जे जे दिसतं ते सगळं त्यालाही दिसतं. डेस्कटॉपवरची पगाराची एक्सेल, टॅलीचा डेटा फोल्डर, स्कॅन करून ठेवलेली आधार कार्डं, नेटवर्कवरचा शेअर केलेला ड्राइव्ह, सगळं. आणि मधेच स्क्रीन अंधारून "या ॲपला बदल करू द्यायचे का?" असं विचारलं जातं, तिथे 'येस' दाबलं की मग त्या मशीनवर त्याला काहीच बंद राहत नाही. फोनवर खोलीची किल्ली दिली होती, इथे अख्ख्या वाड्याची दिली.

दुसरी गोष्ट प्लेअरची. आपल्याला वाटतं प्लेअर म्हणजे काय, एक प्ले बटण. पण व्हिडिओ फाइल ही घडी घालून, दाबून बांधलेलं गाठोडं असते. एमपी४, एमकेव्ही, वेगवेगळे कोडेक, सबटायटल, मुखपृष्ठाचं चित्र, हे सगळं प्लेअर उलगडत असतो. ती फाइल कुठून आली हे त्याला माहीत नसतं. उलगडण्याच्या कोडमध्ये एक जरी चूक राहिली, तरी कोणी मुद्दाम वाकडी बांधलेली फाइल ती चूक वापरून कॉम्प्युटरवर स्वतःचा कोड चालवू शकते.

हे कल्पनेतलं नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्येच 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी सापडली होती. व्हिडिओ उलगडणाऱ्या भागातच ती होती आणि नुसता खास बनवलेला एमएमएस आला तरी फोन ताब्यात जाऊ शकत होता. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवलं की सबटायटलच्या फाइलमधूनही हे करता येतं. व्हीएलसी, कोडी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रीमिओ हे चारही प्लेअर तेव्हा त्यात सापडले, आणि चौघांनीही दुरुस्त्या काढल्या. साऊथचा पिक्चर डाउनलोड करून सबटायटल वेगळीकडून आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सबटायटल म्हणजे साधा मजकूर, त्यात काय असणार, असं वाटतं ना? म्हणूनच ते निवडलं गेलं.

काढून टाकलेलं आयट्यून्स

माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण आयट्यून्सचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एक काळ होता, आयफोनमध्ये गाणी भरायची किंवा बॅकअप घ्यायचा तर विंडोजवर आयट्यून्स लागायचं. जगभरातल्या ऑफिसांत लोकांनी ते टाकलं. आयट्यून्ससोबत त्याची दोन-तीन भावंडं येतात. 'बॉनजूर' नावाची एक सेवा, आणि 'ॲपल सॉफ्टवेअर अपडेट' नावाचा अपडेटर. लोकांनी पुढे आयट्यून्स काढून टाकलं. पण ही भावंडं वेगळी इन्स्टॉल झालेली असतात, ती वेगळी काढावी लागतात. ती कोणी काढली नाहीत. वर्षानुवर्षं ती मागे चालत राहिली, अपडेटही न होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये मॉर्फिसेक या कंपनीच्या लोकांना वाहन उद्योगातल्या एका कंपनीवरचा रॅन्समवेअर हल्ला दिसला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस. यातल्याचं नाव बिटपेमर. तो आत आल्यावर अँटिव्हायरसपासून लपायला त्याने हाच ॲपलचा अपडेटर वापरला होता.

कसा? विंडोजमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाचा फोल्डर असतो. या नावात मधे रिकामी जागा आहे. एखाद्या प्रोग्रॅमला दुसरी फाइल चालवायची असेल तर तिचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हात द्यायचा असतो. ॲपलच्या अपडेटरमध्ये ती चिन्हं राहून गेली होती. चिन्हं नसली की विंडोज पत्ता पहिल्या रिकाम्या जागेशी तोडून बघतं आणि आधी नुसत्या 'प्रोग्रॅम' नावाची फाइल शोधतं. हल्लेखोरांनी नेमक्या त्याच नावाची फाइल तिथे ठेवली. आता ती फाइल कोण चालवतंय? ॲपलची सही असलेला अपडेटर. अँटिव्हायरसने बघितलं, ॲपलचा माणूस आहे, जाऊ दे.

ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये ही चूक दुरुस्त केली. पण ज्यांनी आयट्यून्स कधीच काढून टाकलं होतं त्यांना दुरुस्तीची गरज आहे हेही कळणार नव्हतं. कोणीतरी कधीकाळी गाणी ऐकायला एक सॉफ्टवेअर टाकलं, तो माणूस नोकरी सोडून गेला, सॉफ्टवेअरही गेलं, आणि त्याची शेपटी कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहिली.

दुसरं प्रकरण घरच्या कॉम्प्युटरचं. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. २०२२ मध्ये तिच्या एका वरिष्ठ इंजिनीअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला. ग्राहकांच्या बॅकअपच्या किल्ल्यांपर्यंत पोचू शकणारी फक्त चार माणसं कंपनीत होती, त्यातला हा एक. घरी त्याच्याकडे प्लेक्स होतं. घरातले पिक्चर आणि गाणी टीव्हीवर, फोनवर दाखवणारं हे मीडिया सॉफ्टवेअर. त्यातल्या ज्या त्रुटीतून हल्लेखोर शिरले तिची दुरुस्ती प्लेक्सने मे २०२० मध्येच दिली होती. त्यानंतर साधारण ७५ नव्या आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. यांनी अपडेट केलेलं नव्हतं. हल्लेखोरांनी तिथे कीबोर्डवर काय टाइप होतंय ते नोंदवणारा प्रोग्रॅम बसवला आणि मास्टर पासवर्ड मिळवला. पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचं हे झालं, पिक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमुळे.

आणि पैसे देऊन विकत घेतलेली गोष्ट सुरक्षित असते असंही नाही हं. २००५ मध्ये सोनी बीएमजीने आपल्या काही संगीत सीडींमध्ये कॉपी अडवायला असं सॉफ्टवेअर घातलं की सीडी पीसीत टाकली की ते विंडोजच्या आत जाऊन लपून बसायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीला आणलं. त्या लपायच्या जागेचा फायदा पुढे व्हायरसवाल्यांनीही घेतला आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या.

मग व्हीएलसी वाईट का?

नाही. व्हीएलसी चांगलं आहे, फुकट आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, ऑफिसात वापरायलाही परवाना लागत नाही. प्रश्न असतो ते कुठून आणलं याचा. एप्रिल २०२२ मध्ये सिमँटेकने सांगितलं की 'सिकाडा' नावाचा चिनी हॅकरांचा गट खऱ्या व्हीएलसीच्या शेजारी स्वतःची खोटी सहायक फाइल ठेवून देत होता. व्हीएलसी सुरू झालं की ती फाइल आपोआप उचलली जायची. प्लेअर अस्सल, त्याच्या पिशवीतली एक वस्तू बनावट.

त्याच वर्षी भारतात व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट काही महिने बंद होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने व्हिडिओलॅनने कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडली. मला त्या काळातली गंमत, खरं तर गंमत नाही, ही वाटते की अधिकृत दुकान बंद झाल्यावर लोक व्हीएलसी वापरायचे थांबत नाहीत. ते गुगलवर शोधतात आणि जी साइट पहिली दिसेल तिथून घेतात. त्या साइटवर तीन हिरवी डाउनलोड बटणं असतात आणि त्यातली दोन जाहिरातींची असतात.

इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर मी बघितलेलं सांगतो. टेलिग्रामवरच्या लिंकवरून कोणीतरी 'फ्री एचडी प्लेअर' टाकला होता. प्लेअर चालत होता, पिक्चरही दिसत होते. सोबत ब्राउझरमध्ये चार टूलबार आले, जाहिराती उघडायला लागल्या आणि मशीन एवढं जड झालं की सकाळी फॅट आणि एसएनएफ नोंदवायच्या वेळी एकेक खातं उघडायला मिनिटभर लागायचं. बाहेर किटल्या घेऊन रांग. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं. बॅकअप आठ दिवस आधीचा होता. दूध पगार दहा दिवसांनी निघतो, म्हणजे जवळजवळ अख्खा पगार त्या आठ दिवसांत होता. शेतकऱ्यांनी घरी जपून ठेवलेल्या छापील पावत्या गोळा करून त्या नोंदी पुन्हा भरल्या. ज्या आजींनी पावत्या चुलीत घातल्या होत्या त्यांचं दूध सरासरी काढून धरलं. सरासरी बरोबर होती का, ते कोणालाच सांगता येणार नाही.

कोणता कॉम्प्युटर, हे आधी विचारा

म्हणून "ऑफिसात परवानगी द्यावी का?" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सारखे नसतात.

सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा, एवढे साखर कारखाने आपल्या दोन तालुक्यांत आहेत. कोणत्याही कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. गळीत हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या उभ्या असतात. भरलेलं वाहन काट्यावर येतं, वजन कॉम्प्युटरवर जातं, पावती निघते, त्या पावतीवर शेतकऱ्याचं वर्षाचं बिल ठरतं. तिथे मशीन अर्धा तास अडलं तर तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळतो, वजन घटतं आणि ते घटलेलं वजन शेतकऱ्याच्या खिशातून जातं. शिवाय काट्यावर आधीच लोकांचा संशय असतो. अशा मशीनवर कोणाचा प्लेअर दिसला तर उद्या वजनात फरक निघाल्यावर तुम्ही काय उत्तर देणार? रात्रपाळीला झोप येते हे मान्य. फोनवर गाणी लावा. त्या मशीनवर नको.

हाच नियम पतसंस्थेच्या काउंटरला, दवाखान्यात रिपोर्ट काढणाऱ्या मशीनला, बोटाचे ठसे घेणाऱ्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरला. जिथे पैसे, वजन, आधार किंवा आजार नोंदला जातो तिथे एकही जादा सॉफ्टवेअर नको. मी यात तडजोड करत नाही आणि मालकांनाही करू देत नाही.

पण सगळीकडे तोच दंडुका फिरवणारे मालकही मला पटत नाहीत. ड्रॉइंग करणारा पोरगा, डेटा एन्ट्री करणारी मुलगी, पावसाळ्यात दिवसभर जुनी रजिस्टरं टाइप करणारा माणूस यांनी कानात गाणी लावली तर काय बिघडतं? सगळं बंद केलं की काय होतं ते मी बघतो. पोरं पेनड्राइव्हवरून न इन्स्टॉल करता चालणारा प्लेअर आणतात. किंवा ऑफिसच्या नेटवर यूट्यूब बंद आहे म्हणून फोनचा हॉटस्पॉट लावतात. आता तो कॉम्प्युटर एका बाजूने केबलने ऑफिसच्या नेटवर्कला आणि दुसऱ्या बाजूने हॉटस्पॉटने थेट इंटरनेटला जोडलेला. ऑफिसने फायरवॉलवर खर्च केलेला, आणि बाजूची खिडकी उघडी. बंदी घातल्याने धोका कमी झाला नाही, तो फक्त मालकाला दिसेनासा झाला.

साध्या मशीनसाठी माझं उत्तर सरळ आहे : ऐका, पण इन्स्टॉल करू नका. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, सगळं ब्राउझरमध्ये चालतं. क्रोम आणि एज प्रत्येक वेबसाइटला बऱ्यापैकी बंद खोलीत ठेवतात, म्हणजे फोनसारखीच सोय इथे मिळते, आणि ब्राउझर स्वतः अपडेट होत राहतो. टॅब हरवतो अशी तक्रार असेल तर क्रोमच्या मेनूतून ती साइट ॲपसारखी वेगळ्या खिडकीत उघडायची सोय आहे. दिसायला ॲप, आतून ब्राउझरच. ब्राउझरमध्ये 'व्हिडिओ डाउनलोडर' छापाची एक्सटेन्शन मात्र टाकायची नाहीत. तुम्ही उघडता ती सगळी पानं वाचायची परवानगी त्यातली बरीच मागतात, आणि त्यात नेट बँकिंगचं पानही आलं.

नेट स्लो होतं ही तक्रार अर्धी खरी

मालक म्हणतात, गाण्यांमुळे नेट स्लो होतं. हिशोब करू. स्पॉटिफायची 'हाय' क्वालिटी १६० केबीपीएसची आहे. म्हणजे तासाला ७२ एमबी, आठ तास सलग ऐकलं तरी ६०० एमबीच्या आत. दहा जणांनी एकदम लावलं तरी लाइनवर दोन एमबीपीएससुद्धा भार येत नाही. पण यूट्यूबवर १०८०पी व्हिडिओसाठी गुगल ५ एमबीपीएस वेग सुचवतं. सहा जणांनी मॅच लावली की ३० एमबीपीएस गेले. ५० ची लाइन असेल आणि तारीख २० असेल, म्हणजे जीएसटीचं ३बी भरायचा शेवटचा दिवस, तर सीएच्या ऑफिसात काय वातावरण असतं ते मी सांगायला नको. मॅच बघायचीच तर ४८०पी वर बघा, साधारण १.१ एमबीपीएसमध्ये भागतं. किंवा नुसता स्कोअर बघा.

खरा चोर बहुतेक वेळा वेगळाच निघतो : तुमचा फोन. तो ऑफिसच्या वायफायला जोडला की गुगल फोटोज कालच्या हळदीचे व्हिडिओ वर चढवायला लागतं. अपलोडची वाट भरली की सगळ्यांचंच नेट रांगायला लागतं, आणि शिव्या गाणी ऐकणाऱ्याला. म्हणून फोनसाठी राउटरवर वेगळं 'गेस्ट' वायफाय चालू करायला सांगा. साध्या घरगुती राउटरमध्येही ही सोय बहुतेक वेळा असते. त्यावर वेगाची मर्यादा घालता येत असेल तर उत्तमच, आणि फोनमधली घाण ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही हा मोठा फायदा.

व्हॉट्सॲप हेच सगळ्यात मोठं मीडिया सॉफ्टवेअर

प्लेअरची एवढी चर्चा झाली, पण ऑफिसच्या पीसीवर फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, पीडीएफ सगळ्यात जास्त कुठून येतात? व्हॉट्सॲपवरून. आणि आपल्याकडे ते कामाचंही आहे. ऑर्डर, बिलं, चलनाचे फोटो सगळं त्यावरच येतं. ते बंद करा म्हणणं म्हणजे दुकान बंद करा म्हणण्यासारखं आहे.

पण दोन गोष्टी माहीत हव्यात. एप्रिल २०२५ मध्ये विंडोजच्या व्हॉट्सॲप ॲपमधली एक त्रुटी जाहीर झाली. त्यात फाइल चित्र असल्यासारखी दिसायची, पण उघडताना तिच्या नावाचं शेपूट बघून प्रोग्रॅम म्हणून चालू शकायची. २.२४५०.६ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, म्हणजे जुनं ॲप असेल तर आजच अपडेट करा. दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रोने सांगितली. ब्राझीलमध्ये व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाकडून झिप फाइल यायची, सोबत "ही कॉम्प्युटरवर उघडा" अशी सूचना. उघडली की व्हायरस व्हॉट्सॲप वेबमधून स्वतःच सगळ्या कॉन्टॅक्टना आणि ग्रुपांना तीच फाइल पाठवायचा. आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने एपीके फाइली फिरतात, त्याचाच हा पीसीवरचा भाऊ. नियम एकच, ऑफिसच्या पीसीवर व्हॉट्सॲपमधून झिप किंवा ईएक्सई उघडायची नाही, मामाने पाठवली असली तरी. आधी मामाला फोन लावायचा.

ऑफिसच्या कामाचं व्हॉट्सॲप ऑफिसच्या नंबरवर ठेवा असंही मी मालकांना सांगतो. कर्मचारी सोडून गेला की सगळ्या ऑर्डरी त्याच्यासोबत जातात, हे दुखणं निराळंच.

कायदा काय म्हणतो?

सरकारी ऑफिसात असाल तर नियम लेखी आहेत. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या. पायरेटेड सॉफ्टवेअर नको, बाहेरचं व्हीपीएन नको, परवानगीशिवाय टीमव्ह्यूअर, एनीडेस्क नको, सरकारी कागद कॅमस्कॅनरसारख्या ॲपने स्कॅन करायचे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असंही सांगितलं.

खाजगी ऑफिसात मालकाचा नियम हाच नियम, कारण मशीन त्याचं. पण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं तर मालकाची परवानगी असून उपयोग नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. इथे 'वापरणारा' हा शब्द बघा. मशीन मालकाचं असलं तरी माउसवर हात तुमचा असतो.

आणि तुमचं काय?

आतापर्यंत ऑफिसची बाजू झाली. तुमचंही नुकसान होतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ऑफिसच्या क्रोममध्ये गाण्यासाठी स्वतःचा जीमेल टाकला आणि 'सिंक' चालू झालं, की तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड, बुकमार्क आणि घरी फोनवर बघितलेल्या पानांची यादी त्या मशीनवर येते. ज्या मशीनवर तिघं बसतात त्याच मशीनवर. फोन चार्जिंगला पीसीच्या यूएसबीला लावला आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडलं तर गॅलरी उघडी. चार्जिंगला भिंतीतला प्लग वापरा. पीसीच वापरायचा असेल तर फोनवर 'फक्त चार्जिंग' ठेवा.

नोकरी सोडताना रुमाल-डबा घेऊन जाता तसं हेही करा. फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून ऑफिसचा पीसी काढा. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'युअर डिव्हायसेस' मध्ये जाऊन तिथूनही साइन आउट करा. हे घरी बसून फोनवरून होतं, ऑफिसात परत जायला लागत नाही. स्पॉटिफायच्या खात्यातही सगळीकडून एकदम बाहेर पडायचं बटण आहे.

आणि उद्या कामावर गेलात की दोन मिनिटं काढा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. तळाला बघा. तुमच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्याने काय काय टाकून ठेवलंय ते दिसेल. ज्याचं नाव ओळखीचं वाटत नाही ते स्वतः काढू नका, वजनकाट्याचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर असू शकतो. यादीचा फोटो काढा आणि जो कोणी तुमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघतो त्याला पाठवा.